हिरवा पडलेला ब्रश आणि गंजलेला गज

प्रश्न : आमच्या घरी वडिलांच्या नावावर परवान्याची बारा बोरची दुनळी बंदूक आहे. धानाच्या बांध्यांत रानडुकरं शिरतात, म्हणून पूर्वी जागलीला जाताना वडील ती सोबत नेत. आता वर्षाकाठी दोन-चार बार झाले तर झाले. निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आणली आणि साफ करायला बसलो, तर सफाईच्या पेटीतला तारेचा ब्रश हिरवा पडलेला, गजाच्या आट्यांवर गंज चढलेला आणि लोकरीचा बोळा चिकट झालेला. बंदूक मात्र ठीक होती. ज्यांनी बंदूक साफ करायची, त्या वस्तूही वेगळ्या साफ कराव्या लागतात काय? घरात एक जण म्हणतो रॉकेलात बुडवून ठेवा, दुसरा म्हणतो चिंच लावून घासा. खरं काय?
— एक धान उत्पादक, ता. सालेकसा, जि. गोंदिया

उत्तर : साफ कराव्याच लागतात, आणि बंदुकीला हात लावण्याआधी. तुमच्यासारख्या कमी वापराच्या बंदुकीत तर ब्रश-गजाची सफाई नळीच्या सफाईपेक्षाही महत्त्वाची ठरते.

हिशेब करून पाहा. वर्षाला चार बार म्हणजे नळीतून छऱ्यांचा लोट चारदा गेला. छरे शिशाचे, नळी पोलादाची. शिसं पोलादापुढे फारच मऊ. शिवाय आजच्या बहुतेक काडतुसांत छऱ्यांभोवती प्लॅस्टिकची वाटी असते, त्यामुळे छरे नळीला थेट घासतही नाहीत. गज मात्र एकाच सफाईत वीस-तीस वेळा आत-बाहेर होतो. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा आणि प्रत्येक वापरानंतर एकदा एवढं धरलं, तरी नळीनं वर्षभरात काडतुसापेक्षा कितीतरी अधिक वेळा गजच पाहिलेला असतो. त्या गजावर आणि ब्रशवर काय बसलंय, यावर नळीचं आयुष्य ठरतं.

बसलेलं असतं ते मुख्यतः तिहेरी : जळलेल्या दारूची काजळी, शिशाचा अंश आणि धूळ. काजळी आणि शिसं घाण आहेत, पण मऊ आहेत. ओरखडा काढते ती धूळ. मातीतल्या गारगोटीचे बारीक कण नळीच्या पोलादापेक्षा कठीण असतात. तुमच्या भागात त्यात आणखी एका धुळीची भर पडते. धानाच्या तुसात सिलिका भरपूर असते, आणि सिलिका हाच वाळूचा मूळ घटक. तूस जाळलं की त्याच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढी राख उरते आणि त्या राखेतला बहुतांश भाग सिलिकाच असतो. दिवाळीच्या सुमारास मळणी सुरू झाली की ही धूळ घरभर उडते. तेल लावलेला गज कोठीच्या कोपऱ्यात उभा असेल, तर ती त्याच्यावर बसते आणि तेलामुळे तिथंच राहते. पुढच्या खेपेला तोच गज नळीत गेला की सफाईच्या नावाखाली नळी कानसली जाते. एका वेळी दिसत नाही, पण वीस वर्षांनी नळीच्या तोंडाशी दिसतं.

प्रश्न : पण ब्रश हिरवाच का पडला?

उत्तर : तुमचा तारेचा ब्रश बहुधा फॉस्फर ब्राँझचा आहे, म्हणजे तांबं, त्यात थोडं कथील आणि अगदी किंचित फॉस्फरस. हा मिश्रधातू स्प्रिंगसारखा लवचीक असतो, शिशाचा थर खरवडण्याइतका कडक असतो आणि तरीही नळीच्या पोलादापेक्षा मऊ असतो. म्हणून ब्रशसाठी तो निवडतात. पण तो शेवटी तांब्याचाच सगा, त्यामुळे हिरवा पडणं त्याच्या रक्तातच आहे. हिरवेपणा मात्र तीन प्रकारचा असतो, आणि कोणता ते ओळखलं की चूक कुठं झाली तेही कळतं.

कोरडी, भुरभुरीत, फिकट हिरवी पूड असेल तर ती दमट हवेची करणी. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि सालेकसा तर दरेकसा, हाजरा फॉल, कचारगडच्या जंगल-डोंगराला लागूनच. जून ते सप्टेंबर बंद पेटीत ओल कोंडून राहते. हा प्रकार सर्वांत निरुपद्रवी. धुतला की जातो.

हिरवा चिकट राळेसारखा थर असेल, तर दोष तेलाचा. जवस, खोबरेल, मोह अशा बियांच्या तेलात मुक्त मेदाम्लं असतात. ती तांब्याशी संयोग पावून हिरवे क्षार तयार करतात, आणि जवसासारखं सुकणारं तेल हवेनं घट्टही होत जातं. तुमचा बोळाही चिकट झालाय म्हणता. त्यावरून माझा पहिला संशय इथेच जातो.

तिसरा रंग निळा किंवा निळसर हिरवा. नळीतलं तांबं काढण्यासाठी मिळणाऱ्या काही सफाईद्रवांत अमोनिया असतो. तो तांब्याला विरघळवतो, आणि नळीतलं तांबं कोणतं आणि ब्रशमधलं कोणतं हा भेद त्याला कळत नाही. असा द्रव लावलेला ब्रश तसाच ठेवून दिला, तर तारा हळूहळू खाल्ल्या जातात. यातून एक गमतीदार फसगत होते. नळीतून काढलेली चिंधी निळी-हिरवी आली की लोकांना वाटतं नळीत अजून तांबं आहे, आणि ते पुन्हा पुन्हा घासत बसतात. तांब्याचं कवच असलेली गोळी झाडणाऱ्या रायफलीत तसं असूही शकतं. तुमच्या बारा बोरच्या गुळगुळीत नळीतून शिशाचे छरेच जातात. तिथं चिंधीवर निळा-हिरवा रंग आला, तर तो बहुतेक करून ब्रशचाच. तुम्ही घासताय नळी आणि निघतोय ब्रश.

प्रश्न : मग ब्रश धुवायचा कशानं? रॉकेल, डिझेल, पेट्रोल, साबण की चिंच?

उत्तर : आधी रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन, मग साबणाचं कोमट पाणी, आणि शेवटी पूर्ण वाळवणं. क्रम उलटा करू नका.

त्याआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री परवानाधारकानं स्वतः करावी. दोन्ही नळ्या उघडून उजेडाकडे धरून पाहाव्यात, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत, लेकरांना दूर ठेवावं आणि खिडकी उघडी असावी. चूल किंवा बिडी जवळपास नको.

एका झाकणाच्या बरणीत दोन बोटं रॉकेल घ्या आणि त्यात ब्रश चांगला हलवा. रेशनचं रॉकेल आता सहज मिळत नाही; रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन तेच काम करतं. डिझेलनं मळ सुटतो, पण मागं तेलकट थर आणि वास राहतो. पेट्रोलचं नावही काढू नका; त्याची वाफ खोलीभर पसरून लांबच्या ठिणगीनंही पेट घेते. ब्रश कधीही सफाईद्रवाच्या मूळ बाटलीत बुडवू नये. तेवढ्यानं बाटलीभर द्रव मळतो आणि पुढच्या प्रत्येक सफाईला तोच मळ नळीत जातो. द्रव ड्रॉपरनं ब्रशवर टाकावा. खरकट्या हातानं ताटं पुसण्यात जेवढा अर्थ, तेवढाच मळक्या द्रवात बुडवलेल्या ब्रशनं नळी घासण्यात.

रॉकेलनं काजळी आणि तेल सुटलं की भांड्याचा साबण घातलेल्या कोमट पाण्यात ब्रश बुडवा आणि जुन्या दातांच्या ब्रशनं तारांच्या मुळाशी घासा. मळ टोकांवर नव्हे, मुळाशी साचतो. नंतर स्वच्छ पाण्यात खळखळून घ्या. बोडीतलं किंवा ओढ्यातलं पाणी नको, त्यात रेती असते. पिण्याचं गाळलेलं पाणी घ्या.

वाळवणं ही खरी पायरी, आणि बहुतेक लोक तीच गाळतात. ब्रशच्या मधोमध दोन तारांना पीळ देऊन केलेला कणा असतो. तारा ब्राँझच्या असल्या तरी हा कणा कित्येकदा लोखंडी तारेचा असतो. चुंबक लावून पाहा, लगेच कळेल. पिळाच्या आत पाणी अडकतं, तिथून गंज धरतो आणि एक दिवस नळीच्या मध्यावर कणा तुटून ब्रश आत अडकतो. म्हणून ब्रश जोरानं झटका, फुंकर मारा, कोरड्या चिंधीत गुंडाळून दाबा आणि उन्हात निदान अर्धा दिवस टांगून ठेवा.

आता चिंच. घरची पितळी भांडी चिंचेनं किंवा पितांबरीनं लखलखतात, म्हणून ब्रशही तसाच चमकेल हे बरोबर. पण इथं चमक हवी कुणाला? चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं आम्ल हिरवेपणा काढतं आणि पिळात उरून लोखंडी कणा खातं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ब्रशवर शिसं असतं, आणि आम्लात शिशाचे पाण्यात विरघळणारे विषारी क्षार बनतात. पावडर, राख, रांगोळी, वाळू यांचं म्हणाल, तर त्यांचे कण तारांत रुतून बसतात. मघाशी ज्या धुळीला आपण बाहेर काढायचं म्हटलं, तिलाच हातानं आत बसवण्यासारखं ते होईल.

शिशावरून आणखी एक सांगतो. हे धुणं मोरीत भांड्यांसोबत करू नका. वेगळी बरणी, वेगळं टमरेल आणि हातात रबरी मोजे असावेत. धुतलेलं पाणी विहिरीजवळ, बोडीत किंवा परसातल्या भाजीत ओतू नका. बरणीतलं रॉकेल गाळ खाली बसला की वरून ओतून पुन्हा वापरता येतं. गाळ मात्र झाकणबंद डब्यातच राहू द्या. सफाईच्या चिंध्या घरच्या कपड्यांत टाकू नयेत, आणि काम संपल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय पाण्याच्या माठाला हात लावू नये. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम थोड्या मात्रेतही होतो.

लोकरीचा बोळा, म्हणजे मॉप, हाही असाच कोमट साबणपाण्यात धुवावा, पिळून न काढता दाबून पाणी काढावं आणि उन्हात वाळवावा. मुळात बोळे दोन हवेत : एक मळ पुसायला, एक तेल लावायला. दोन्ही कामं एकाच बोळ्यानं केली, तर तेल लावताना तुम्ही मळच परत लावत असता. तुमचा चिकट झालेला बोळा दोन धुण्यांत मोकळा झाला नाही, तर टाकून द्या.

प्रश्न : तेल कोणतं लावावं? आजोबा रंगून तेल म्हणत, वडील जवसाचं लावतात, मी खोबरेल लावतो.

उत्तर : तिघांत आजोबा बरोबर. रंगून तेल म्हणजे ब्रह्मदेशातल्या विहिरींतलं खनिज तेल. इंग्रजी अमदानीत बंदुकांना ते सर्रास लावत. खनिज तेल हवेनं घट्ट होत नाही, तांब्याला हिरवं करत नाही आणि नासत नाही. आज त्याच जातीचं सर्वांत सहज मिळणारं तेल म्हणजे शिलाई मशीनचं. बंदुकीचं म्हणून विकलं जाणारं गंजरोधक तेल मिळालं तर उत्तमच.

जवसाचं तेल हे सुकणारं तेल आहे. रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये ते वापरतात ते त्याच गुणासाठी. हवेतला प्राणवायू घेऊन ते कडक पापुद्रा धरतं. लाकडी दस्त्याला ते छान, पण नळीला, ब्रशला आणि बिजागरीला वाईट. शिवाय जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर सुकताना निघणाऱ्या उष्णतेनं त्या आपोआप पेटू शकतात. अशा चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. खोबरेल सुकत नाही, पण चोवीस अंशांच्या खाली गोठतं. सालेकशात पौषातल्या पहाटे ते बाटलीतच थिजतं, मग बंदुकीच्या सांध्यात काय होत असेल ते बघा.

ब्रशला तेल लागत नाही. ब्रश कोरडाच ठेवायचा. कणा लोखंडी असेल तर त्याच्यावर आणि आट्यांवर एक थेंब मशीन तेल लावून पुसून घ्यावं, बस्स. तेलकट ब्रश म्हणजे धुळीला आमंत्रण.

प्रश्न : गजाचं काय? काका म्हणतात लोखंडी गज टाकून दे, पितळी किंवा ॲल्युमिनियमचा आण. मऊ असल्यानं नळीला ओरखडा जात नाही.

उत्तर : काकांचा तर्क निम्मा खरा. मऊ धातू स्वतः ओरखडत नाही, पण कठीण कण त्याच्यात रुततात. ॲल्युमिनियमच्या गजात वाळूचा कण रुतला की तो पुसूनही निघत नाही आणि दर फेरीला नळीला घासत राहतो. गुळगुळीत पोलादी गजात कण रुतत नाही. तो फडक्यानं पुसला की साफ होतो. मात्र पोलादी गज वाकला तर त्याचा वाकलेला भाग नळीला घासतो, आणि गंजला तर गंजच घासतो. प्लॅस्टिकचं आवरण असलेला पोलादी किंवा कार्बन फायबरचा एकसंध गज चांगला, पण आवरणातही कण रुतू शकतात. लाकडी गज बारा बोरसाठी जुना आणि चांगला पर्याय आहे. पावसाळ्यात तो फुगतो आणि पुढे सुकला की सांध्यावरच्या पितळी टोप्या सैल होतात एवढंच. थोडक्यात, गज कशाचा आहे यापेक्षा तो प्रत्येक फेरीनंतर पुसला जातो का, हे जास्त महत्त्वाचं.

तुमच्या गजाच्या आट्यांवरचा गंज असा काढा. रॉकेलचे दोन थेंब टाकून रात्रभर ठेवा, सकाळी दातांच्या ब्रशनं घासा आणि उरलेला गंज तेलात भिजवलेल्या बारीक पोलादी लोकरीनं हलकेच काढा. पॉलिश पेपर लावू नका. त्याचे कण आट्यांत राहतात. नंतर टर्पेंटाइननं धुऊन कोरडं करा आणि एक थेंब तेल लावा. गज सरळ आहे का हे बघायला तो काचेवर किंवा आरशावर लोळवा. मध्ये फट दिसली की वाकलाय. तीन तुकड्यांचा गज असेल तर सांध्यावर बोट फिरवा. कडा बोटाला लागत असेल तर ती नळीलाही लागणार. फिरत्या मुठीच्या बेअरिंगलाही वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्यावा. नवा ब्रश आणताना जुना गज सोबत न्या, कारण विलायती जुन्या गजाचे आटे आणि अमेरिकी मापाच्या ब्रशचे आटे बऱ्याचदा जुळत नाहीत. जबरदस्तीनं बसवलेला ब्रश नळीतच सुटतो.

दुनळीत गज नेहमी मागच्या बाजूनं, म्हणजे काडतूस बसतं त्या घरातून घाला आणि तोंडानं बाहेर काढा. नळीच्या तोंडाची कड नाजूक असते, आणि बऱ्याच दुनळ्यांत तोंडाकडची नळी किंचित अरुंद असते; त्याला चोक म्हणतात. अगदी घट्ट चोकमध्येही हा फरक एका मिलिमीटरच्या आसपासचाच, म्हणून तिथली झीज जाणवते. ब्रश नळीच्या मध्यावर उलटा फिरवू नका. पूर्ण बाहेर काढा, पुसा, मग परत न्या.

हा धडा जुन्या काळी मोठ्या किमतीनं शिकला गेला. पोलिसांची आणि सैन्याची थ्री-नॉट-थ्री रायफलीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिच्या दस्त्यात एक कप्पा असे, त्यात पितळी तेलदाणी आणि एक दोरी. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला चिंधीसाठी फास. वजन मागून सोडायचं आणि तोंडाकडून दोरी ओढायची. जवान तिला पुलथ्रू म्हणत. गज सोबत न्यायची कटकट गेली, पण मळकी, रेती लागलेली दोरी तिरकी ओढली गेली की नळीच्या तोंडाशी एका बाजूला खोबण पडे. अशा नळ्या मग नेम धरेनाशा होत. म्हणून दोरी धुवायची आणि सरळ ओढायची हे कवायतीइतकंच पक्कं शिकवलं जाई. एके-४७ मध्ये याच दुखण्यावर वेगळा इलाज केला आहे. तिचं सफाईचं सामान दस्त्यातल्या छोट्या डबीत असतं आणि त्या डबीचं झाकण नळीच्या तोंडावर टोपीसारखं बसतं. गज त्याच्या भोकातून आत जातो, म्हणून कडेला लागतच नाही.

प्रश्न : ब्रश टाकून कधी द्यायचा?

उत्तर : नवा ब्रश बारा बोरच्या नळीत घालताना जोर लागतो. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. ब्रश त्याहून थोडा मोठा असतो, म्हणूनच तारा भिंतीला दाबून घासतात. ज्या दिवशी ब्रश विनासायास सरकतो, त्या दिवशी त्याचं काम संपलं. तारा एका बाजूला लोळल्या, गळू लागल्या किंवा कणा वाकला तरीही तेच. मात्र लगेच फेकू नका. झिजलेल्या ब्रशवर चिंधी गुंडाळली की पुसायचा चांगला बोळा तयार होतो. बिजागरी आणि काडतुसाचं घर साफ करायलाही तो चालतो. स्टेनलेस स्टीलच्या तारेचा ब्रश स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. तो घाण काढतो आणि नळीही काढतो. नायलॉनचा ब्रश सफाईद्रवानं खराब होत नाही आणि नियमित सफाईला पुरतो, पण साचलेलं शिसं आणि प्लॅस्टिक खरवडायला ब्राँझच लागतो.

प्रश्न : आमच्या दरेकसा भागात कुणाकुणाकडे जुनी भरमार आहे. तिच्या गजाला आणि ब्रशला हेच नियम लागू होतात काय?
— एक वाचक, ता. सालेकसा

उत्तर : आधी कायद्याचं. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे भरमारचा, परवाना देण्याची तरतूद आहे. परवाना असेल तर पुढचं वाचा. परवाना नसेल तर ती साफ करण्याचा प्रश्नच नाही. ती बाळगणं हाच गुन्हा आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात अनेक गावकऱ्यांनी अशा बंदुका स्वतःहून पोलिसांकडे दिल्या आहेत, तोच शहाणा मार्ग. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी वन विभागाची वेगळी परवानगी लागते.

सफाईचे नियम मात्र उलटे होतात. काडतुसातली आजची दारू धूर न करणारी. तिची काजळी रॉकेलनं निघते. भरमारमध्ये काळी दारू असते. तिच्या जळण्यातून निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागं राहतो, आणि त्यात पोटॅशियमचे क्षार असतात. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात आणि लोखंड रातोरात गंजवतात. रॉकेलमध्ये ते विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून भरमारचा ब्रश, बोळा आणि ठासणीचा गज त्याच दिवशी आधी गरम साबणपाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा आणि त्यानंतरच लोखंडी भागाला तेल लावा. आधी तेल लावलं, तर क्षार तेलाखाली अडकून आतल्या आत काम करत राहतात. आणखी एक अडचण अशी की, भरमारची नळी मागून बंद, गज तोंडातूनच घालावा लागतो. तेव्हा गज मधोमध धरा, तोंडाच्या कडेला टेकू देऊ नका. काळ्या दारूचा ब्रश आणि काडतुसाच्या बंदुकीचा ब्रश एकाच पेटीत ठेवू नका.

प्रश्न : मुलगी एनसीसीत .२२ रायफलवर नेमबाजी करते. घरी स्वतःच ब्रश आणून सफाई करावी काय? पुढे १० मीटर एअर रायफल शिकायचा विचार आहे.
— एक पालक, आमगाव

उत्तर : एनसीसीची रायफल युनिटची असते, तिची सफाई प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली तिथल्याच सामानानं व्हायला हवी. स्वतःचा ब्रश नेऊ नये. शिकायचं असेल तर मुलीनं एवढं जरूर पाहावं की, प्रत्येक फेरीनंतर गज पुसला जातो का. .२२ च्या काडतुसात पेटवणीचं मिश्रण तळाच्या कडेत असतं, आणि त्यात बारीक काचेची पूड मिसळण्याची पद्धत आहे. त्यामुळे तिची काजळी दिसते मऊ, पण असते खरखरीत. न पुसलेला गज त्या काजळीसकट परत आत गेला की नळीतल्या खाचांवर घासतो. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझपदक मिळवलं. तो प्रकार याच .२२ चा. त्या पातळीवर नेमबाज ब्रशनं वारंवार घासत नाहीत. काय, कधी आणि किती वेळा, हे ठरवून करतात आणि तेवढंच करतात.

एअर रायफलचं ४.५ मिलिमीटरचं नळकांडं तर वेगळीच गोष्ट. तिथं दारू नाही, म्हणून काजळी नाही. आहे तो फक्त शिशाचा पुसट थर. ब्राँझचा ब्रश तिथं आणूच नये. फेल्टच्या छोट्या गोळ्या मिळतात, त्या झाडून किंवा नरम दोरीनं ओढून सफाई होते. रॉकेल किंवा बंदुकीचा सफाईद्रव आत गेला तर हवा रोखणारी रबरी सीलं खराब होतात.

प्रश्न : वर्षभराचा क्रम एकदा सांगून टाका.
— सालेकशाचेच पहिले वाचक

उत्तर : मृगाआधी ब्रश, गज, बोळे धुऊन पूर्ण वाळवा. चामड्याच्या किंवा रेक्झीनच्या कव्हरमध्ये न ठेवता झाकणबंद पत्र्याच्या डब्यात ठेवा. चामडं ओल धरतं. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. निळ्या दाण्यांची पुडी ओल पिऊन गुलाबी होते. मंद आचेवर तापवली की पुन्हा निळी होऊन कामाला लागते. ब्रश नळीत घालून ठेवण्याची सवय काहींना असते, ती मोडा. ओल तर धरतेच, पण नळीत काही राहिलंय हे विसरून बार काढला तर नळी फुटते.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते तेव्हा सामान पुन्हा बाहेर काढा. पाऊस ओसरलेला असतो, ऊन चांगलं असतं आणि धानाची मळणी अजून सुरू व्हायची असते, त्यामुळे धूळ नसते. बंदुकीला हळदकुंकू लावलंत तर ओल्या कुंकवाचा ठिपका त्याच दिवशी पुसून तेलाचा हात फिरवा. पाटावर गज आणि ब्रशही ठेवा, त्यांचाही मान आहे. वापर झाला असेल त्या दिवशी मात्र सणाची वाट पाहू नका. झोपण्याआधी ब्रश धुऊन टांगा.

सफाई पुरी झाली का, हे पाहायला लोक नळीतून पांढरी चिंधी ओढतात. ती स्वच्छ आली की सामान गुंडाळतात. त्यानंतर आणखी एक पांढरी चिंधी घ्या आणि ती गजावरून मुठीपासून टोकापर्यंत फिरवा. तीही स्वच्छ निघाली, तरच पेटी बंद करा.